भोंगेमामांचा गंधक

भोंगेमामांना टपरीवर चहा मागता येत नसे. म्हणजे ते मागायचे, पण कुणाला ऐकूच जायचं नाही. डहाणू रोड स्टेशनबाहेरच्या टपरीसमोर उभं राहून ते ओठ हलवायचे, "दोन कटिंग," आणि टपरीवाला त्यांच्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाला विचारायचा, "बोला, काय देऊ?" डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत ज्या माणसाचा आवाज लोक झोपेतही ओळखायचे, त्या माणसाच्या गळ्यात माइकशिवाय आवाजच नव्हता. माइक हातात आला की चिकूच्या वाडीतले पोपट उडून जायचे. माइक खाली ठेवला की शेजारी बसलेल्यालाही कान पुढे करावा लागे. टपरीसमोर असा पाच मिनिटं मूकाभिनय झाला की मामी रिक्षातून उतरायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "दोन." चहा यायचा.

रिक्षा मामीच चालवायच्या. मागच्या सीटवर बॅटरी आणि अॅम्प्लिफायर, टपावर दोन्ही दिशांना तोंड केलेले दोन भोंगे, आणि मामींच्या शेजारी अर्ध्या सीटवर तिरके बसलेले मामा. हरवलेली शेळी, पोलिओचा डोस, साड्यांचा सेल, ग्रामसभा, उद्या दिवसभर लाइट नाही, असं सगळं त्या दोन भोंग्यांतून गावोगाव जायचं. मामा मूळचे वेवजीचे, गुजरातच्या हद्दीला खेटून असलेल्या गावचे. भात आणि नागलीची थोडी शेती होती, ती भाऊ बघायचा. मामा बाजारात मराठी बोलायचे, पाड्यांवर वारली, हद्दीजवळ गुजराती, आणि किनाऱ्याला लागले की मासेवाल्यांची बोली. एकच निरोप मराठीत दोन मिनिटांचा असला तर वारलीत पाच मिनिटांचा व्हायचा, कारण पाड्यावरची माणसं उलट प्रश्न विचारायची आणि मामा त्यांची उत्तरंही माइकवरूनच द्यायचे.

बोलता बोलता मामा वाहवत जायचे. तेव्हा मामी हॉर्न दाबायच्या. "शेळी हरवली हाय, पांढरीशुभ्र, कपाळाला टिळा, स्वभावानं एकदम शांत, अशी शेळी पुऱ्या तालुक्यात..." पों! "शेळी. पांढरी." मामा लगेच जमिनीवर यायचे. वाढीव बोलणं मामींना खपत नसे आणि न बघितलेलं बोलणं मामांना. "डोळ्यानं बघितलं नाय ते भोंग्यात घालायचं नाय," हे त्यांचं वाक्य मी पहिल्याच भेटीत ऐकलं. सेलची जाहिरात करण्याआधी ते दुकानात जाऊन साडी उलगडून बघायचे. शेळी हरवली तर त्या घरी जाऊन रिकामा खुंटा बघून यायचे. नसलेली शेळी बघायला जायचं म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "एकदा गेलो तर शेळी घरामागं बसलेली होती. घरच्यांनीच नीट बघितलं नव्हतं."

मी अकोल्याची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून डहाणूच्या खाडीजवळच्या वीजघरात पर्यावरण विभागात लागले. नेमणूक कंत्राटी होती आणि उत्साह कायमस्वरूपी. कोळशात गंधक असतो. कोळसा जळला की तो वायू होऊन चिमणीतून निघतो, घसा धरतो, दम्याच्या माणसाला हैराण करतो, आणि हवेतल्या ओलाव्याशी मिसळून आम्ल होतो. आमच्या वीजघरात हा धूर आधी समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्यातून जायचा. समुद्राच्या पाण्यात आम्ल शोषून घेण्याचा गुण असतो, त्यामुळे बहुतेक गंधक पाण्यात उतरायचा. मग त्या पाण्यात आणखी समुद्राचं पाणी मिसळून, भरपूर हवा फुंकून, ते ताळ्यावर आणून खाडीत सोडायचं. हे सगळं आसपासच्या गावांना समजावून सांगणं हे माझं काम. साहेबांनी सांगितलं, एक रिक्षा लावा आणि दवंडी द्या.

मी निवेदन लिहिलं. 'वीजनिर्मिती केंद्रातून उत्सर्जित होणाऱ्या वायूंमधील गंधक समुद्राच्या पाण्याच्या साहाय्याने काढण्यात येत असून नागरिकांनी याची नोंद घ्यावी.' मामांनी कागद दोनदा वाचला.

"हे कोण बोललं?"

"मी लिहिलंय."

"मग तूच बोल, म्याडम. मी काय बघितलेलं नाय."

तेव्हा वीजघराजवळच्या सरावली गावच्या नाक्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, मी माइक हातात घेतला आणि ते वाक्य स्पष्ट उच्चारांसह वाचलं. मामींनी मध्येच हॉर्न दिला. मला वाटलं, समोर म्हैस आली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीजघराच्या गेटवर सात-आठ बायका वाट्या घेऊन उभ्या. सुरक्षारक्षकानं रीतसर नोंदवहीत लिहिलं होतं, 'भेटीचे कारण: गंधक.' मी धावत गेले.

त्यांतली एक म्हणाली, "बाई, काल भोंग्यात सांगितलं ना, अठं गंधक काढतात. पोरांना खरूज झाली हाय. वाटीभर द्या. तेलात कालवून लावू."

मी समजावलं, की तसा गंधक नसतो, तो पाण्यात विरघळतो, त्याचे क्षार होतात, आणि समुद्रात ते क्षार मुळातच पुष्कळ असतात.

"म्हणजे काढता, पण ठेवत नाय?"

"नाही."

"मग काढता कशाला?"

माझ्याकडे विद्यापीठाचं पदक होतं. वाटीभर गंधक नव्हता. शेवटी वीजघराच्या कॉलनीतल्या दवाखान्यातून खरजेचं मलम आणून दिलं आणि बायका वाट्या तशाच रिकाम्या घेऊन गेल्या. रस्त्याच्या पलीकडे रिक्षा उभी होती. मामा जवळ आले आणि त्यांच्या त्या ऐकू न येणाऱ्या आवाजात काहीतरी बोलले. तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. ते म्हणत होते, "मला आत नेऊन दाखव."

आत न्यायला चार सह्या लागल्या. मामांबरोबर मामीही आल्या. पिवळं हेल्मेट त्यांनी डोक्यावरच्या पदरावरून असं काही घातलं की आमच्या सुरक्षा अधिकाऱ्याला ते नियमात बसतं की नाही हेच ठरवता येईना. कानात घालायचे बोळे दिले तेव्हा मामा म्हणाले, "अजून हळू बोलू?" शिफ्टच्या इंजिनिअरनं पडद्यावर बाणांची आकृती दाखवली. मामांनी बाणांना मान दिला आणि विचारलं, "आता खरं यंत्र बघू?" मग ते धूर धुणाऱ्या उंच मनोऱ्याच्या जिन्यानं चढले. प्रत्येक मजल्यावर थांबून आतल्या पाण्याचा आवाज ऐकला. वरून खाडी, चिकूच्या वाड्या आणि लांब चिखले गावाचा किनारा दिसत होता. मामांनी तेही मन लावून बघितलं. खाली आल्यावर म्हणाले, "आत पाणी गेलं, भायेर पाणी आलं. मधी काय झालं ते दिसलं नाय."

मी प्रयोगशाळेत तीन ग्लास मांडले. पहिल्यात समुद्राचं पाणी, दुसऱ्यात मनोऱ्याच्या तळाचं, तिसऱ्यात खाडीत जाणारं. निळी लिटमस पट्टी पहिल्यात निळीच राहिली, दुसऱ्यात लाल झाली, तिसऱ्यात पुन्हा निळीच. मी आम्ल आणि अल्कली यांवर दहा मिनिटं बोलले. मामांची नजर पट्टीवरून हलेना. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या मामी म्हणाल्या, "आंबट ताकात सोडा घातल्यावानी."  मी ते वाक्य माझ्या वहीत लिहून घेतलं.

तरी मामा लगेच दवंडी द्यायला तयार झाले नाहीत. "हे पाणी माशाला चालतं का?" मी पाण्याचं तापमान, त्यातला प्राणवायू वगैरे सांगायला लागले. मामा म्हणाले, "नाय, नाय. माशाचं मासेवालीला इचारायला पायजे." पुढचे आठ दिवस ते खाडीच्या काठाला आणि चिखल्याच्या बाजारात चौकशी करत हिंडले. तिथल्या एका म्हाताऱ्या मासेवालीनं निकाल दिला, "पाण्यात काय खोट दिसत नाय. मासा कमी हाय. पण मासा सगळीकडंच कमी हाय." मामांनी हा निकाल पहिल्या दवंडीत जसाच्या तसा घातला. माझ्या साहेबांना 'मासा कमी हाय' हे वाक्य काढून टाकायचं होतं. मामा म्हणाले, "अर्धी मासेवाली सांगू काय?"

आणि मग ती दवंडी झाली. मी रिक्षात मागे बॅटरीशेजारी बसून ऐकली. "ऐका हो ऐका! फोडणीत सुकी मिरची जळली की काय होतं? धूर दिसत नाय, पण घरभर ठसका लागतो. कोळशातला गंधक तसाच. दिसत नाय, पण छातीत जातो. म्हणून आपण काय करतो? नाकाला ओला फडका लावतो. तसाच वीजघराच्या चिमणीला समुद्राचा ओला फडका लावला हाय. मी वर चढून बघितला. माझ्या बायकोनं पण बघितला. चिखल्याची मासेवाली म्हणते, पाण्यात काय खोट दिसत नाय, मासा कमी हाय, पण मासा सगळीकडंच कमी हाय. गंधक वाटीत मिळत नाय, तो पाण्यात जातो. तेव्हा वाट्या घेऊन येऊ नका. खरूज असली तर सरकारी दवाखान्यात जा." मामींनी एकदाही हॉर्न दिला नाही. एम.एस्सी.च्या दोन वर्षांनंतरही मला समजावता न आलेली गोष्ट नाक्यावरच्या वडापाववाल्याला दोन मिनिटांत कळली होती.

वेवजीच्या पाड्यावर मात्र अडचण आली. तिथल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "मामा, अठं तुमच्या वीजघराचा धूर येतो का हद्दीपलीकडच्या कारखान्यांचा? कुणाला शिव्या द्यायच्या ते नीट सांगा." मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून आहे. मामांनी ते माइकवर सांगितलं. तेव्हापासून त्या पाड्यावर शिवी देण्याआधी वारा बघायची पद्धत पडली.

मध्यंतरी साहेबांना वाटलं, रोज मामांना कशाला न्यायचं? आवाज पेनड्राइव्हवर घ्यावा आणि दुसऱ्या एखाद्या रिक्षातून वाजवावा. तसं झालंही. मामांनी रेकॉर्डिंग केलं, 'उद्या सकाळी दहा वाजता सरावलीला माहितीची सभा हाय.' दुसऱ्या रिक्षावाल्यानं तो पेनड्राइव्ह चार दिवस वाजवला. लोक रोज दुसऱ्या दिवशी दहा वाजता येऊन बसू लागले. पाचव्या दिवशी मामा स्वतः मशीनजवळ गेले, आपलाच आवाज ऐकला, आणि पेनड्राइव्ह काढून खिशात घातला. "याला आज आणि उद्या कळत नाय," एवढंच म्हणाले.

आता त्या दिवसाचं सांगते, ज्या दिवसामुळे मी हे लिहायला बसले.

आमच्या चिमणीतून नेहमी पांढरा दाट लोट निघायचा. पाण्यातून धुऊन निघालेला धूर ओला असतो, म्हणून तो पांढरा दिसतो. त्यात वाफच पुष्कळ. पण लोकांना वाटायचं, केवढा धूर सोडतात मेले! यंत्र बंद पडलं तर गोष्ट उलटी होते. कोरडा वायू निघतो, चिमणीवर काहीच दिसत नाही, आणि खरा त्रास तेव्हा असतो. हे मी कागदावर शंभरदा लिहिलं होतं. कुणाच्या गळी उतरत नव्हतं.

थंडीच्या तोंडाशी एका सकाळी खाडीत जेलीफिश आले. हजारो. पारदर्शक, थलथलीत, साबुदाण्याच्या खिरीचे गोळे तरंगावेत तसे. पाणी ओढणाऱ्या पंपांच्या जाळ्या त्यांनी तुंबवल्या. वीजनिर्मिती कमी करून कशीबशी चालू ठेवली, पण धूर धुणारं यंत्र काही तास बंद ठेवावं लागलं. बघता बघता चिमणीवरचा पांढरा लोट नाहीसा झाला. मागे निळंशार आकाश. सकाळी आठ वाजता सरावलीच्या एका गुरुजींनी व्हॉट्सअॅपवर चिमणीचा फोटो टाकला: 'आजची प्रसन्न सकाळ. वीजघराचे मनःपूर्वक अभिनंदन!' खाली चाळीस जणांनी हात जोडले होते.

साहेब हा फोटो बराच वेळ बघत होते. वाईट माणूस नव्हता. घामाघूम झाले होते. म्हणाले, "सरकारी मीटरवर आकडा गेलाय. प्रदूषण मंडळाला आपण पत्र पाठवलंय. कायद्यानं जे करायचं ते झालं. लोक खूश आहेत, दुपारपर्यंत यंत्र सुरू होईल. कशाला उगीच..."

मी म्हटलं, "सर, दम्याची माणसं आहेत. शाळा आहे. त्यांना आजच सांगायला हवं."

मग मसुदा तयार झाला. 'तांत्रिक कारणास्तव वायू-प्रक्षालन प्रणाली तात्पुरती अकार्यान्वित असून नागरिकांनी घाबरून जाऊ नये.' तो मुख्य कार्यालयात मंजुरीला गेला. तोवर थांबा, असा आदेश आला. मी मामांना फोन केला होता, ते गेटवर आलेच होते. त्यांच्या नियमाप्रमाणे त्यांना आधी बघायचं होतं. मी त्यांना जाळ्यांपाशी नेलं. जेलीफिशचा छातीएवढा ढीग पडला होता.

मामांनी विचारलं, "हे खातात?"

मामी म्हणाल्या, "नाय."

मी मसुदा वाचून दाखवला. मामा म्हणाले, "घाबरू नका असं सांगितलं की आमच्याकडं लोक आधी म्हशी सोडतात आणि मग इचारतात काय झालं." रिक्षात बसून आम्ही मंजुरीची वाट बघितली. पाऊण तास झाला. मुख्य कार्यालयातून फोन आला, की 'अकार्यान्वित' या शब्दावर चर्चा चालू आहे.

मामा माझ्याकडे वळले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला म्याडम म्हटलं नाही. "बाय, तू सांग. आत्ता हवेत मिरची हाय का नाय?"

माझ्या नोकरीचं कंत्राट दोन महिन्यांनी संपणार होतं. अकोल्याला मी घरी सांगितलं होतं की ते वाढेल. मी चिमणीकडे बघितलं. आकाश खरंच सुंदर दिसत होतं.

"आहे," मी म्हटलं.

मामींनी रिक्षा सुरू केली. मला उतरायचं असतं तर तेवढा वेळ त्यांनी दिला होता. मी उतरले नाही.

"ऐका हो ऐका! आज आकाश साफ दिसतंय. ते चांगलं नाय! खाडीत जेलीफिश आलेत, त्यांनी पाणी अडवलं. चिमणीचा ओला फडका आज सुकलाय. म्हणून पांढरी वाफ दिसत नाय, पण मिरची येतेय. दम्याची माणसं, म्हातारी, ल्हान पोरं, घरात थांबा. दारं लावून घ्या. फडका ओला झाला की मी परत येऊन सांगन!"

सरावलीच्या नाक्यावर स्कूटरवरून जाणारा एकजण थांबला. "मामा, सकाळी सकाळी घेतलीय काय? पांढरा धूर असतो तेव्हा चांगला म्हणता, नाय तेव्हा वाईट म्हणता!" मामांनी माइक तोंडाशीच ठेवून उत्तर दिलं, "घेतली नाय. तू पण घेऊ नको. घरी जा." सगळा नाका हसला. पण शाळेच्या बाईंनी पोरांना मैदानातून वर्गात घेतलं. चिखल्याला एक म्हातारबाबा ओट्यावर खोकत बसले होते. दवंडी ऐकून म्हणाले, "म्हणून घसा धरलाय होय! मला वाटलं कालची भजी." त्यांच्या सुनेनं त्यांना हाताला धरून आत नेलं. माझ्या फोनवर साहेबांचे अकरा मिस्ड कॉल होते.

दुपारी यंत्र सुरू झालं. पांढरा लोट परत आला. मामा पुन्हा तोच सगळा रस्ता फिरले. मी म्हटलं, मामा, आता कशाला, लोकांना दिसेलच. ते म्हणाले, "जेवढ्या गावांत वाईट सांगितलं तेवढ्याच गावांत बरं सांगायला पायजे. नायतर ती म्हातारी माणसं दारं लावून बसतील ना." त्यांचा आवाज बसला होता. शेवटच्या गावात, सरावलीला, दवंडी मामींनी दिली. माइक तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "झालं सुरू." आणि माइक ठेवून दिला.

मला खुलासा मागणारं पत्र मिळालं. मामांचं काम पुढील आदेशापर्यंत थांबवलं गेलं. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्या आठवड्यात दोन शेळ्या हरवल्या होत्या. मला मात्र झोप लागेना. खुलासा मी सहा वेळा लिहिला आणि सहाही वेळा त्यात 'अकार्यान्वित' हा शब्द आला.

दीड महिन्यानं प्रदूषण मंडळाच्या एक अधिकारी बाई पाहणीला आल्या. सरावलीच्या ग्रामपंचायतीत लोकांसमोर बसून त्यांनी विचारलं, "यंत्र बंद होतं त्या दिवशी तुम्हाला कुणी कळवलं होतं का?" साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच हातात धरला. मग तो स्कूटरवाला उठला.

"कळवलं होतं. भोंगा आला होता. आमचा विश्वास नाय बसला ती गोष्ट येगळी."

"आणि पुन्हा सुरू झालं ते?"

"ते पण सांगितलं. भोंगेवाल्याच्या बायकोनं."

अधिकारी बाईंनी वहीत बरंच काही लिहिलं. म्हणाल्या, असं कळवणारं वीजघर त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. साहेबांनी पाणी एका दमात संपवलं आणि उठून उभे राहिले. "मॅडम, ही आमची नियमित पद्धत आहे." दुसऱ्या दिवशी लेखी आदेश निघाला, की यंत्र जेव्हा जेव्हा बंद पडेल तेव्हा तेव्हा दवंडी द्यावी. माझं कंत्राट वाढलं. खुलासा फाइलला लागला. मी मामांना आदेश वाचून दाखवला.

"नियमित म्हंजे काय?"

"दरवेळी."

"मग बराबर हाय."

त्यानंतर लोक चिमणीऐवजी मामांवर विश्वास ठेवायला लागले. आकाशात काहीही वेगळं दिसलं की त्यांना फोन. "मामा, आज कसं हाय?" मामा फोनवर उत्तर द्यायचे आणि पलीकडचा "हॅलो, हॅलो" करत राहायचा. मग मामी फोन घ्यायच्या. "बरं हाय," किंवा "बघून सांगतो." कितीदा तरी ढग असायचे. एकदा कुणीतरी पालापाचोळा जाळला होता. मामा प्रत्येक वेळी बघून यायचे.

चार वर्षांनी मला विदर्भातल्या एका वीजघरात नोकरी मिळाली, घराजवळ. निघायच्या आदल्या दिवशी तलासरीच्या आठवडी बाजारात सुकट घ्यायला गेले होते. एकाएकी मागून भोंगा कडाडला. "ऐका हो ऐका! आपल्या वीजघराच्या बाय उद्या गाव सोडून चालल्या. मी स्वतः त्यांची बांधलेली पेटी बघितली हाय. कुणाची काय तक्रार राहिली असंल तर आजच सांगून घ्या. बाय अत्यंत हुशार, मनानं एकदम..." मी हॉर्नची वाट बघत होते. हॉर्न वाजला नाही. मामी समोर बघत बसून होत्या. मला तोंड लपवायला जागा नव्हती, कारण तोवर माझ्याभोवती तक्रारी घेऊन तेरा माणसं जमली होती. त्यांतल्या दोन तक्रारी वीजघराच्या, एक रेशनच्या दुकानाची, आणि बाकीच्या जावयांच्या होत्या. संध्याकाळपर्यंत मी त्या ऐकल्या. मामा शेजारी उभे राहून, माझं बोलणं जिथं लोकांना कळत नव्हतं तिथं वारलीत सांगत होते, इतक्या हळू की मला तेच मोडक्या वारलीत पुन्हा सांगावं लागत होतं.

आता फोनवर मामींशीच बोलणं होतं. मामा शेजारून काहीतरी म्हणतात, ते त्या सांगतात. मामांनी आता भोंगा फक्त सकाळचाच ठेवलाय, म्हणे. डॉक्टरांनी गळ्याला आराम सांगितलाय.

इथल्या, विदर्भातल्या वीजघरात गंधकाचं यंत्र नव्हतं. ते बसवायचं म्हणून पाया घातला होता, लोखंडी सांगाडाही उभा राहिला होता. मग केंद्राचा नियम बदलला. शहरापासून लांब असलेल्या आमच्यासारख्या वीजघरांना ते यंत्र सक्तीचं राहिलं नाही, आणि काम थांबलं. शेजारच्या गावानं सभा बोलावली. मला एक छापील वाक्य दिलं गेलं, 'सदर प्रकल्पाचे पुनर्नियोजन विचाराधीन आहे.' सभेच्या आधी मी त्या सांगाड्यापाशी जाऊन आले. पाट्या उतरवल्या होत्या, वेल्डिंगच्या नळ्या गुंडाळून नेल्या होत्या, पायाच्या खड्ड्यात गवत उगवलं होतं.

शाळेच्या पटांगणात सतरंजी टाकली होती. एका तरुणानं विचारलं, "मॅडम, यंत्र कधी सुरू होणार?"

"होणार नाही," मी म्हटलं. "आत्ता तरी नाही. नियमानं ते लागत नाही, म्हणून काम बंद केलंय. मी आत्ताच बघून आले. धूर न धुता बाहेर पडतोय आणि पडत राहील. तो दिसत नाही, पण असतो."

मग एकदम आरडाओरडा झाला. दोघांनी शिव्या दिल्या, कंपनीला, सरकारला आणि थोड्या मला. मी उभी राहून ऐकल्या. त्या सगळ्या गोंगाटात पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं माझ्या साडीचा काठ ओढला.

"तू राह्यतं कोठी वं?"

"इथंच. कॉलनीत."

"मंग तुह्याबी घरात येते तो धूर."

"येते," मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडी माझी बोली आली होती.

म्हातारी थोडी सरकली आणि सतरंजीवर हात आपटून म्हणाली, "बस मंग अठीसा. आता काय करा लागते ते सांग."